सुरक्षित दिवसांचा हिशेब (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की बीजांड पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं; शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाऊस यांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे संशोधन केलं, त्यातून ‘सुरक्षित दिवसां’चा हिशेब आला. सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करायचे, सर्वांत मोठ्यातून ११. जिची पाळी २६ ते ३१ दिवसांनी येते, तिने आठव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत, म्हणजे १३ दिवस संबंध टाळायचे.

गंभीर कारण असेल तर कॅथलिक जोडप्यांनी हा मार्ग धरायला हरकत नाही, असं पोप बारावे पायस यांनी १९५१ साली इटलीतल्या सुइणींपुढे सांगितलं. इतर साधनं मात्र निषिद्धच राहिली.

शिकागोचे वकील पॅट क्राउली आणि त्यांच्या पत्नी पॅटी कॅथलिक जोडप्यांच्या ‘ख्रिश्चन फॅमिली मूव्हमेंट’ या चळवळीचे आघाडीचे कार्यकर्ते होते. चौथ्या बाळंतपणानंतर पॅटींना पुन्हा मूल होणं शक्य नव्हतं. त्यामुळे संततिनियमनाचा प्रश्न त्यांच्या घरापुरता मिटला होता. तरीही तो त्यांनी आपला मानला, याचं मला फार मोल वाटतं. संततिनियमनावर विचार करणाऱ्या पोपच्या आयोगावर १९६४ मध्ये त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी चळवळीतल्या जोडप्यांनाच विचारलं: तुमचा अनुभव काय?

१८ देशांतून सुमारे ३,००० जोडप्यांची उत्तरं आली. काहींना संयमातून एकमेकांची ओढ वाढल्यासारखं वाटलं होतं. पण पुष्कळ जणांनी धास्ती आणि अबोला यांबद्दल लिहिलं, आणि हिशेब चोख ठेवूनही राहिलेल्या गर्भाबद्दल. तसं होणारच होतं. हा हिशेब मागच्या महिन्यांवरून पुढचा महिना ठरवतो. अंगावर पाजणाऱ्या बाईची, आजारातून उठलेलीची किंवा चाळिशी ओलांडलेलीची पाळी मागच्या महिन्यांना बांधलेली नसते. लिहिणारी माणसं बंडखोर नव्हती. चर्चचा शब्द पाळून संसार केलेल्यांची ही साक्ष होती, म्हणूनच ती वजनदार.

आयोग रोममधल्या स्पॅनिश कॉलेजात भरायचा. तिथे पॅटची सोय झाली, पॅटींची दूरच्या कॉन्व्हेंटमध्ये. विवाहित जीवनावर मत द्यायला बोलावलेलं जोडपं रात्री वेगळ्या छपरांखाली! आयोगापुढे पॅटींनी बायकांचे हाल स्पष्ट मांडले.

१९६६ मध्ये आयोगाच्या बहुमताने शिकवणीत बदल सुचवला. आयोगावर नेमलेल्या कार्डिनलांमध्ये मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियसही होते. मात्र पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८च्या ‘हुमाने व्हिते’ या विश्वपत्रात सुचवलेला बदल नाकारला; नैसर्गिक पद्धतींची मुभा तेवढी कायम ठेवली. क्राउलींना हा निर्णय फार लागला.

त्याच काळात मेलबर्नमध्ये जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज हे डॉक्टर दांपत्य वेगळ्या वाटेने निघालं होतं. कॅलेंडर बाजूला ठेवून ते बायकांना योनिस्रावात रोज होणारे बदल पाहायला शिकवत होते. त्या पद्धतीविषयी पुढच्या लेखात.