तीच घसरण, नवी गोष्ट

गेवराईच्या बाजूला कुठल्याही जत्रेत आकाशपाळणा उभा राहिला की पोरं आधी त्याची उंची बघतात, मग त्यावर रंगवलेले हिरो-हिरॉइन. जुन्या चेहऱ्यावर नवा चेहरा चढतो, पाळणा तोच असतो. अमेरिकेत हाच प्रकार एका अख्ख्या डोंगरावर झाला. कारण मात्र रंग उडाल्याचं नव्हतं.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १७ जुलै १९८९ रोजी 'स्प्लॅश माउंटन' सुरू झाला. ओंडक्याच्या आकाराची होडी पाटाच्या पाण्यावर तरंगत डोंगरात शिरते, गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांमधून वळणं घेते, चढते आणि शेवटी सुमारे पन्नास फूट खाली कोसळते. टोनी बॅक्स्टर यांची ही कल्पना. आतले बरेचसे प्राणी 'अमेरिका सिंग्ज' या १९८८ साली बंद झालेल्या खेळातून आणलेले होते. नावसुद्धा डिस्नेच्याच १९८४ सालच्या 'स्प्लॅश' या वेगळ्याच सिनेमाची आठवण करून देणारं. म्हणजे या डोंगरात पहिल्यापासूनच जुन्याचं नवं केलेलं होतं.

गोष्ट घेतली होती १९४६ सालच्या 'साँग ऑफ द साउथ' या सिनेमातून. लबाड कोल्हा सशाला धरतो. ससा गयावया करतो, काय वाटेल ते कर, पण मला त्या काटेरी जाळीत टाकू नकोस! कोल्हा नेमका तिथंच फेकतो आणि काट्यांतच वाढलेला ससा हसत निसटतो. सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा पंचतंत्रातला ससा आठवावा, अशीच ही दुबळ्याची अक्कल. अमेरिकेत मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या काळ्या माणसांनी या कथा जपल्या. सिनेमानं मात्र त्या मळ्यांवरचं जगणं गोडगुलाबी करून दाखवलं. ज्यांनी त्यात गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं काम केलं, ते जेम्स बास्केट अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाऊ शकले नाहीत. तिथं वर्णभेदाचे कायदे होते. १९४८ साली त्यांना मानद ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी ते वारले. ही हकिकत कळल्यावर त्या डोंगरातली गाणी पूर्वीसारखी ऐकू येत नाहीत.

जून २०२० मध्ये डिस्नेनं बदल जाहीर केला. नवी गोष्ट २००९ सालच्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'ची. नायिका टियाना ही डिस्नेची पहिली काळी राजकन्या. न्यू ऑर्लिन्सच्या प्रसिद्ध स्वयंपाकी लिया चेस यांच्यावरून ती काही अंशी सुचली. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अशाच डोंगरात जून २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियात त्याच वर्षी नोव्हेंबरात 'टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर' उघडला. पाट तोच, घसरणही तीच. प्राणी नवे. बॅक्स्टर यांचा सल्लाही घेतला गेला.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. टियानाचा खाद्यपदार्थांचा धंदा इथं कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था म्हणून दाखवला आहे. जय भवानी सहकारी साखर कारखान्याच्या गेवराई तालुक्यातल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. ज्या डोंगरात मळ्याच्या मालकाचं जग गोड करून दाखवणारा सिनेमा वसला होता, तिथं राबणारेच मालक झाले.

पण गोष्टीची बांधणी सैल पडली आहे. जुन्या गोष्टीत कोसळणं म्हणजे काट्यांत फेकलं जाणं. पोटात गोळा यायला कारण होतं. नव्या गोष्टीत आपण टियानाच्या उत्सवासाठी वादक शोधत फिरतो, सिनेमातली जादूगारीण मामा ओडी आपल्याला बेडकाएवढं करते, पुन्हा मोठं करते आणि होडी खाली सुटते. शत्रूच नाही, मग भीती कशाची? यंत्राच्या सर्वांत मोठ्या क्षणाला गोष्टीचा आधार हवा, तो इथं कमी पडतो.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकामध्ये होडीतून पाण्यात कोसळण्याच्या खेळाला राजासॉरसचं रूप दिलं आहे. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले तो हा डायनोसॉर. इमॅजिकामध्येच १९८७ सालच्या 'मिस्टर इंडिया'वरही एक खेळ आहे. आणखी वीस-तीस वर्षांनी या खेळांवर कोणती गोष्ट चढवायची हे आपल्याच माणसांना ठरवावं लागेल. तेव्हा नुसता गाजलेला सिनेमा शोधू नये. घसरण कुठं येते ते आधी पाहावं आणि त्या क्षणाला शोभेल अशी गोष्ट निवडावी.

सशाचं मात्र वाईट वाटतं. त्याचा काही दोष नव्हता. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये १९९२ पासून तो आहे. अमेरिकेतही तो परतावा, या खेपेला ज्यांच्या पूर्वजांनी त्याला घडवलं त्यांच्या तोंडून.