वारा कुठल्या बाजूने सोडायचा?

भिवंडीकरांना धूर ओळखीचा आहे. गोदाम पेटलं की काळा लोट दूरवरून दिसतो, पण तो वर जातो. बोगद्यात त्याला वर जायला जागाच नसते. छताला लागून तो दोन्हीकडे पसरत सुटतो. मेट्रो ५चा धामणकर नाका ते टेमघर हा टप्पा भुयारी करायचं ठरल्यापासून माझ्या मनात हेच घोळतंय, की खाली गाडी पेटली तर नियंत्रण कक्षातल्या माणसाने काय करायचं?

पंखे लावायचे, पण कुठल्या दिशेने? २८ ऑक्टोबर १९९५ला बाकूच्या मेट्रोत प्रवासी बाहेर पडत असतानाच हवेचा प्रवाह फिरला आणि धूर त्यांच्याच अंगावर आला. पावणेतीनशेहून जास्त माणसं गेली.

पुढचा डबा पेटला तर लोकांना मागे काढायचं आणि वारा मागून पुढे सोडायचा. मागचा पेटला तर सगळं उलट. मधलाच पेटला तर? त्यात बोगद्याचा उतार, मागून येणारी गाडी, एखादा बंद पंखा. हा हिशेब त्या घाईत मांडता येत नाही, म्हणून तो आधीच मांडून ठेवतात. बोगद्याच्या एकेका भागात, एकेका डब्याला संगणकात आग लावून बघतात आणि प्रत्येक प्रसंगाची योजना साठवतात. खरी वेळ आली की सिग्नल यंत्रणा गाडीची जागा सांगते, चालक डबा सांगतो आणि पडद्यावर योजना येते. होकार मात्र माणसाचाच.

मला सगळ्यात थक्क करतं ते वाऱ्याचं गणित. धूर मागे फिरू नये म्हणून लागणारा वेग साधारण सेकंदाला ३ मीटर, म्हणजे सावकाश चालवलेल्या सायकलीइतका. आग एका मर्यादेपलीकडे कितीही वाढली तरी हा वेग जवळपास तेवढाच राहतो!

पण पंख्यांच्याही आधी विचारायचं असतं, की गाडी चालू शकते का? जपानच्या १३.८७ किलोमीटरच्या होकुरिकू बोगद्यात ६ नोव्हेंबर १९७२ला गाडीला आग लागली. नियम थांबण्याचा होता. गाडी थांबली आणि ३० जण दगावले. पुढे जपानी रेल्वेने पेटते डबे मुद्दाम धावते ठेवून चाचण्या केल्या आणि नियम उलटा केला: शक्यतो थांबू नका, बाहेर पडा. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा बुलेट ट्रेनचा बोगदा २१ किलोमीटरचा. ताशी २५० किलोमीटर वेग टिकवता आला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ५ मिनिटं लागतात.