मंद दिवा आणि वाचलेली वीज

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी हे मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. वनपरिक्षेत्राचे हे ठिकाण असून डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी याच तालुक्यात आहेत. जंगलालगतच्या अशा मुलखात पथदिव्याचे मोल शहरवासीयांच्या सहसा ध्यानात येत नाही. पावसाळ्यातील रात्री ज्या वाटेने आजारी माणसाला सडकेपर्यंत न्यावयाचे असते, त्याच वाटेवर मण्यारही भक्ष्याच्या शोधात फिरत असते. आणि नेमके याच दिवसांत आभाळ सलग झाकोळलेले राहून सौर पथदिव्याची बॅटरी रिती होते. ज्या रात्री दिव्याची सर्वाधिक गरज, त्याच रात्री दिवा नाही, असे घडते.

यावर उपाय म्हणून पहिले काही तास पूर्ण प्रकाश व नंतर पहाटेपर्यंत मंद प्रकाश अशी योजना सौर पथदिव्यांत सामान्यतः केलेली असते. तथापि दिवा मंद झाला म्हणजे तेवढी वीज वाचलीच, असे गृहीत धरता येत नाही. ती किती वाचेल, हे दिवा कोणत्या रीतीने चालविला व मंद केला जातो, यावर अवलंबून असते.

प्रथम एलईडीचा स्वभाव पाहू. पांढरा प्रकाश देणारा एक शक्तिशाली एलईडी सुमारे ३ व्होल्ट दाबावर चालतो. या दाबात किंचित वाढ झाली तरी त्यातून वाहणारी धारा झपाट्याने वाढते व तो तापून निकामी होतो. म्हणून त्याच्या बाबतीत दाबावर नव्हे, तर धारेवर नियंत्रण ठेवावे लागते. समजा, १२ वॅटच्या दिव्यात असे एलईडी तीन-तीनच्या ओळींत जोडले आहेत. प्रत्येक ओळीला ९ व्होल्ट लागतात आणि बॅटरी तर १२.८ व्होल्टची असते. उरलेल्या ३.८ व्होल्टचे काय करावयाचे?

सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे मध्ये एक रोध, अर्थात रेझिस्टर, बसविणे. तो हा जादा दाब स्वतःवर घेतो आणि त्याची उष्णता करतो. बॅटरीतून निघालेल्या प्रत्येक १०० भागांपैकी ७० भागच दिव्यापर्यंत पोहोचतात. अशा दिव्याची धारा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून प्रकाश कमी करता येतो. स्पंदाची रुंदी जितकी कमी, तितका प्रकाश कमी. परंतु चालू असलेल्या प्रत्येक क्षणी तोच रोध तेवढाच वाटा जाळीत राहतो. दिवा मंद होतो, त्याची उधळपट्टी मात्र त्याच प्रमाणात चालू राहते.

चांगल्या दिव्यात रोधाच्या जागी तारेचे वेटोळे असते. कारागीर त्याला कॉइल म्हणतात. त्याच्या जोडीला मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक खटका, एक डायोड व एक सूक्ष्मनियंत्रक असतो. खटका लागताच बॅटरीची धारा वेटोळ्यातून दिव्याकडे वाहू लागते. वेटोळे ती एकदम वाढू देत नाही, आणि जादा दाबाची ऊर्जा आपल्या चुंबकीय क्षेत्रात साठवून ठेवते. खटका सुटताच साठलेली हीच ऊर्जा डायोडच्या मार्गे दिव्याला मिळते. शेतकरी पाटाचे पाणी हौदात साठवून वाफ्यांना बेताने सोडतो, तसाच हा प्रकार आहे. रोधात जळणारा वाटा येथे उपयोगी पडतो आणि दिव्यापर्यंत ९० टक्के ऊर्जा पोहोचविणे शक्य होते.

खटका केव्हा लावावा व केव्हा सोडावा, हे ठरविणे सूक्ष्मनियंत्रकाचे काम. सेकंदाला १ कोटी ६० लक्ष ठोके देणारा साधा आठ-बिटी नियंत्रक २५६ पायऱ्यांचा स्पंद सेकंदाला ६२,५०० वेळा निर्माण करू शकतो. दिव्याच्या वाटेवरील अत्यल्प रोधावरून तो प्रत्यक्ष धारा मोजतो, ठरलेल्या धारेशी ताडून पाहतो आणि स्पंदाची रुंदी कमी-अधिक करतो. पदविका अभ्यासक्रमातून गेलेल्यांना १९८० सालचा इंटेलचा ८०५१ आठवत असेल. हा त्याच कुळातला कारभार आहे. सूर्यास्त झाल्याचे कळण्यास त्याला निराळे साधनही लागत नाही. सौर पॅनेलचा दाब उतरला की त्याला संध्याकाळ कळते.

मंद करण्याच्या वेळी धारेचे तुकडे पाडण्यापेक्षा वेटोळ्यातून जाणारी अखंड धाराच कमी करावी, असे आमचे मत आहे. कमी धारेवर एलईडी दर वॅटला अधिक प्रकाश देतो व कमी तापतो, त्यामुळे त्याचे आयुष्यही वाढते. तुकडे पाडावयाचेच असतील, तर ते पुरेसे जलद हवेत. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ सालच्या शिफारशींप्रमाणे सेकंदाला ३,००० हून अधिक स्पंद असल्यास लुकलुकण्याचा उपद्रव संभवत नाही. आपला डोळाही येथे साहाय्यास येतो. प्रकाश एक-तृतीयांशावर आला, तरी त्याला तो निम्म्याहून अधिक भासतो.

आता हिशेब. ३० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३८४ वॅट-तास साठतात. त्यांपैकी ८० टक्के, म्हणजे सुमारे ३०७, वापरावयाचे असे धरू. रोधाचा दिवा बारा तास पूर्ण प्रकाशाने जळत ठेवल्यास ही शिदोरी दीड रात्रीत संपते. चार तास पूर्ण व आठ तास एक-तृतीयांश प्रकाश ठेवल्यास रोधाच्या दिव्याला ती पावणेतीन रात्री पुरते, तर वेटोळ्याच्या दिव्याला जवळजवळ साडेतीन रात्री. तिसरी रात्र पहाटेपर्यंत उजेडात जाते की अंधारात, हे या फरकावर ठरते.

विजेच्या तारेवरील पथदिव्यांनाही हाच न्याय लागू आहे. राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाची सुरुवात ५ जानेवारी २०१५ रोजी झाली व जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी बसविण्यास चालना मिळाली. तरीही २०२१ साली थकीत देयकांमुळे राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडण्यात आली होती. मध्यरात्रीनंतर मंद होणारा दिवा त्या देयकाचाही भार हलका करू शकतो.

दिवे स्वीकारताना ग्रामपंचायतीने आयटीआय झालेल्या एखाद्या तरुणाला बोलावून एक चाचणी अवश्य करवून घ्यावी. दिवा पूर्ण प्रकाशात असताना बॅटरीतून निघणारी धारा व एलईडींच्या सर्व ओळींतून वाहणारी एकूण धारा, अशा दोन्ही मल्टिमीटरने मोजाव्यात. वर दिलेल्या जोडणीत वेटोळ्याच्या दिव्याची बॅटरीकडील धारा १.०४ अँपिअरच्या आसपास, तर एलईडींकडील १.३३ अँपिअरच्या आसपास येईल. दोन्ही आकडे सारखेच आले, तर उरलेला दाब उष्णतेत जात आहे असे समजावे आणि पुरवठादाराकडे त्याविषयी लेखी विचारणा करावी.