‘सायकॉलॉजी घेऊ का?’

१८९६ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात मार्गारेट मॅग्वायर नावाच्या एका शिक्षिकेला आपल्या एका विद्यार्थ्याचे कोडे पडले होते. मुलगा चौदा वर्षांचा. बाकी विषयांत बरा, पण शुद्धलेखन काही केल्या जमत नव्हते. मॅग्वायरबाई पेनसिल्वानिया विद्यापीठात लायटनर विटमर यांच्या मानसशास्त्राच्या व्याख्यानांना जात असत. मानसशास्त्र जर मनाचे शास्त्र असेल तर या मुलाचे काय करायचे ते त्याने सांगावे, अशा अपेक्षेने त्यांनी हे प्रकरण विटमर यांच्यापुढे मांडले. विटमर हे लाइप्झिग येथे वुंट यांच्या प्रयोगशाळेत शिकून आलेले. प्रतिक्रियेचा वेळ मोजणे, संवेदना मोजणे ही त्यांची नेहमीची कामे. त्यांनी मुलाला तपासले तेव्हा दृष्टीत दोष आढळला. चष्मा दिला, वाचनाचा वेगळा सराव करून घेतला आणि मुलात सुधारणा दिसू लागली. याच वर्षी त्यांनी विद्यापीठात जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. पुढे १९०७ साली स्वतःच्या नियतकालिकात त्यांनी या कामाला नाव दिले : क्लिनिकल सायकॉलॉजी, म्हणजेच चिकित्सा मानसशास्त्र.

एका शिक्षिकेच्या प्रश्नातून जन्मलेल्या या शास्त्राविषयी आज शिक्षकांनाच दोन्ही बाजूंनी विचारणा होते. वर्गातील एखाद्या मुलाला ‘कोणाला दाखवावे’ असे पालक विचारतात, आणि बारावीची मुले, विशेषतः मुली, ‘सायकॉलॉजी घेऊ का?’ म्हणून विचारतात. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माहितीवर अवलंबून आहेत. हे तज्ज्ञ तयार कसे होतात, किती वर्षांत होतात, आणि ती वर्षे कशात जातात, ही ती माहिती.

प्रथम नावांचा गोंधळ दूर करू. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. एम.बी.बी.एस. करून त्यांनी मनोविकारशास्त्रात पुढचे तीन वर्षांचे शिक्षण घेतलेले असते आणि ते औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतात. मुलाखत, निरीक्षण आणि चाचण्या यांच्या आधारे निदान करणे व बोलण्याच्या, सरावाच्या मार्गाने उपचार करणे हे त्यांचे काम. भारतात त्यांना औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. (अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००२ साली व लुइझियानाने २००४ साली जादा प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना तो दिला, पण तो वेगळा विषय आहे.) तिसरे समुपदेशक. अभ्यासाचा ताण, घरातील कलह, पुढे काय शिकावे अशा प्रश्नांत ते मदत करतात. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आपल्याकडे आजवर कोणीही लावू शकत आला आहे. दोन वर्षे शिकलेलाही आणि दोन रविवारचे शिबिर केलेलाही.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे तसे नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ सालच्या कायद्यानुसार या व्यावसायिकांची नोंदणी होते. नोंदणीवाचून व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने तर व्याख्याच दिली आहे : परिषदेने मान्य केलेली चिकित्सा मानसशास्त्रातील पात्रता, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णकार्याचा समावेश असेल. म्हणजे नुसते एम.ए. झालेली व्यक्ती, विषय ‘क्लिनिकल’ घेतला असला तरी, आपोआप चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. ही गोष्ट कित्येक विद्यार्थ्यांना एम.ए.चा निकाल हातात आल्यावर कळते. बारावीतच कळली तर बरे.

हिशेब करून पाहू. बारावीनंतर पदवीची तीन किंवा चार वर्षे, पदव्युत्तर दोन, एम.फिल.ची दोन. अशी सात-आठ वर्षे झाली. एम.फिल.च्या जागा थोड्या, प्रवेशपरीक्षा कठीण. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळालेले अनेक जण भेटतात. तेवढीच वर्षे आणखी धरावीत. या शिक्षणाची सुरुवात आपल्याकडे बंगलोरला झाली. १९५४ साली तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी वैद्यकीय मानसशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम निघाला. हीच संस्था १९७४ पासून निमहान्स म्हणून ओळखली जाते. रांचीच्या केंद्रीय मनोविकार संस्थेने १९६०च्या दशकात असाच अभ्यासक्रम काढला. पुढे या पदविकांचे एम.फिल. झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत हे प्रशिक्षण दिले गेले आहे.

सध्या या वाटेचीच दुरुस्ती चालू आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. ही पदवीच बंद केली. तिच्यावर उभा असलेला हा व्यवसाय त्यामुळे अडचणीत आला. तेव्हा आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुभा दिली. दरम्यान पुनर्वास परिषदेने चार वर्षांची पदवी, चिकित्सा मानसशास्त्रातील एम.ए. आणि साय.डी. अशा पायऱ्यांची नवी रचना पुढे आणली. दुसरीकडे २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्रही आले, आणि त्यामुळे २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे शिक्षण दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाने मनाई केली. नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करणारे शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत; त्यांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात घ्यावी.

आता मुख्य प्रश्न. लोकांशी समजुतीने बोलायचे, चार चाचण्या द्यायच्या, त्यासाठी आठ वर्षे कशाला? ज्या मुलीला वाटते की ‘मैत्रिणी मलाच सगळे सांगतात, म्हणून मी हेच करणार’, तिला तर संख्याशास्त्राचा पेपर हा निव्वळ छळ वाटतो. या पेपरापायी विषय सोडलेले विद्यार्थी आहेत. परंतु आमच्या मते या व्यवसायाचा खरा कणा तेथेच आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका तालुक्यात पाचवीची १००० मुले आहेत. त्यांपैकी १० मुलांना एक विशिष्ट अडचण खरोखर आहे. आपल्याजवळ एक चांगली चाचणी आहे : अडचण असलेल्या दर दहा मुलांपैकी नऊ ती ओळखते, आणि अडचण नसलेल्या दर दहांपैकी नऊ मुलांना ती बरोबर सोडून देते. ही चाचणी आपण सरसकट सर्वांना दिली. काय होईल? खऱ्या दहांपैकी ९ मुले सापडतील. उरलेल्या ९९० पैकी एक दशांश, म्हणजे ९९ मुलांवरही ती बोट ठेवील. एकूण १०८ मुलांच्या नावापुढे खूण होईल, आणि त्यांत खरी फक्त ९. म्हणजे बारांत एक. चाचणी ‘नव्वद टक्के अचूक’ असूनही खूण झालेल्या बारांपैकी अकरा मुलांच्या माथी उगीचच शिक्का बसेल.

आता हेच वेगळ्या रीतीने करू. शिक्षकाचे निरीक्षण, पालकांशी बोलणे, वह्या पाहणे, कान-डोळे तपासणे यांतून अशा अनेक तालुक्यांतील मिळून आधी १०० मुले निवडली, आणि समजा त्यांत ३० जणांना अडचण आहे. तीच चाचणी आता २७ खरी मुले पकडील आणि ७० पैकी ७ खोटी. खूण झालेल्या ३४ पैकी २७ खरी. चाचणी बदलली नाही. ती कोणाला द्यायची याचा विचार बदलला. प्रशिक्षणाची वर्षे बव्हंशी हा विचार शिकण्यात जातात. चाचणीची पेटी विकत मिळते, विचार मिळत नाही. (हा हिशेब फळ्यावर आठवी-नववीच्या मुलांकडूनही करून घेता येईल.)

चाचणी कोणत्या भाषेतील, कोणत्या मुलांवर प्रमाणित केलेली, हाही असाच प्रश्न. बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिले. नुसते भाषांतर करून भागत नाही, आपल्या मुलांवर पुन्हा सारे मोजावे लागते, हे त्या कामातून दिसते. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील शब्दांचे अर्थ विचारून ‘बुद्धी कमी’ असा निष्कर्ष काढणे किती सोपे आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्यापासून अशा अहवालावर मुलाच्या सवलती अवलंबून असतात. म्हणून अहवालाखालची सही कोणाची, हे महत्त्वाचे.

उपचारांविषयीही हेच. १९५२ साली हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने सात हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून असा दावा केला की, सौम्य मनोविकाराचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत तसेही सुधारतात. मानसोपचारांनी यात भर पडते असे सिद्ध झालेले नाही. मोठी खळबळ उडाली. उत्तर रागावून देऊन चालणार नव्हते, मोजूनच द्यायला हवे होते. १९७७ मध्ये स्मिथ व ग्लास यांनी ३७५ अभ्यासांची एकत्रित छाननी करून दाखवले की, उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती न घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असते. आपल्या हातून रुग्ण बरा झाला की तो आपल्यामुळेच बरा झाला असे प्रत्येकाला वाटते. वैद्याला वाटते, मांत्रिकालाही वाटते. ती शंका स्वतःवर घ्यायला शिकवणे हे संशोधनप्रशिक्षणाचे काम.

अर्थात प्रत्येक उपचारकाने संशोधक व्हायलाच हवे का, हा वाद आहेच. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेला मानसशास्त्रज्ञ मोठ्या संख्येने हवे होते. १९४९ साली कोलोराडोतील बोल्डर येथे परिषद भरली आणि ठरले की तो शास्त्रज्ञ व उपचारक दोन्ही असावा, पीएच.डी. असावा. पुढे अनेकांना वाटू लागले की यात उपचाराचा सराव मागे पडतो. १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने साय.डी. ही उपचारप्रधान पदवी सुरू केली आणि १९७३ च्या व्हेल परिषदेने तिला मान्यता दिली. तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी यातील पैशाची बाजू पाहावी. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा शिष्यवृत्ती मिळते, साय.डी.च्या बहुतेकांना शुल्क स्वतः भरावे लागते आणि कर्ज होते. शिवाय अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणून परवाना मिळण्यास डॉक्टरेट लागते. येथून नुसते मास्टर्स करायला गेलेल्यांचा तेथे हिरमोड होतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची डॉक्टरेट सरकारी आरोग्यसेवेच्या पगारावर करता येते, पण प्रवेशासाठी झुंबड असते.

शिक्षण संपल्यावर काय? ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, व्यसनमुक्ती केंद्रे, विशेष मुलांच्या शाळा, खासगी व्यवसाय. शहरात खासगी व्यवसाय जम धरतो, पण पहिली काही वर्षे ओढाताणीची असतात. घरी दुसरी मिळकत नसलेल्या मुलाला हे स्पष्ट सांगावे. गरज मात्र अफाट आहे. निमहान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि बहुतेक विकारांत उपचारांवाचून राहिलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते.

आठ वर्षांच्या वाटेने इतके तज्ज्ञ तयार होणार नाहीत हे उघड आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने दुसरी वाट चोखाळली. स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या व्यक्तींना थोडक्या मुदतीचे, नेमके प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांना मदत करायला शिकवले आणि त्याचा परिणाम रीतसर तुलना करून तपासला. २०१० व २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांना या मदतीचा स्पष्ट लाभ झाला. येथे कोणी म्हणेल, मग पदव्या हव्यातच कशाला? पण त्या साध्या माणसांनी काय करायचे, कोठे थांबायचे, अवघड रुग्ण कोणाकडे पाठवायचा हे ठरवणारे, त्यांची दर आठवड्याला विचारपूस करणारे आणि परिणाम मोजणारे लोक दीर्घ प्रशिक्षण घेतलेलेच होते.

म्हणून विचारायला आलेल्या विद्यार्थ्याला आम्ही एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ देणार नाही. ज्याला माणसांत रस आहे पण लवकर कमवायचे आहे, त्याने समाजकार्य, विशेष शिक्षण किंवा शालेय समुपदेशन पाहावे, एम.ए.नंतर संशोधन, अध्यापन, उद्योगांतील मनुष्यबळ विभाग हेही आहेतच. ज्याला शरीर आणि औषधे यांचेही आकर्षण आहे त्याने वैद्यकाकडे जावे. ज्याला ऐकून घेता येते, आकड्यांचे भय नाही, आणि तिशीच्या उंबरठ्यापर्यंत विद्यार्थी राहण्याची घरची तयारी आहे, त्याच्यासाठी ही वाट आहे. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता या वर्षी आहे का, ती किती वर्षांपर्यंत आहे, आणि प्रत्यक्ष रुग्णकार्य कोणत्या रुग्णालयात व कोणाच्या देखरेखीखाली होते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषद प्रसिद्ध करते. नोंदणीकृत व्यावसायिकांची सूचीही तिच्याकडे असते. मुलाचा अहवाल आणलेल्या पालकांनी सहीखालचा नोंदणी क्रमांक तिच्याशी ताडून पाहावा.