सात सेंटिमीटरचा हिशेब

1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेने भारतात मूळ धरले. पित्ताशय ही लहानशी पिशवी. बारीक छेदातून ती ओढून घेता येते. दात्याची किडनी किंवा गाठीसकट मोठ्या आतड्याचा तुकडा तसा निघत नाही, आणि त्याचे आत तुकडेही करता येत नाहीत. म्हणजे अखेरीस सहा-सात सेंटिमीटर कापावे लागतेच. मग तो छेद आधीच घेऊन, गॅस अडवणारी कडी बसवून, सर्जनने एक हात पोटात का घालू नये? हाताच्या साहाय्याने केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया हीच. तिला अर्धवट पद्धत समजणे मला चुकीचे वाटते.

बेंगळुरूच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत आता रोबो आहेत. पण याच शहरातल्या डॉ. देवी शेट्टी यांच्या पुढाकाराने 2003 मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी महिना पाच रुपये हप्त्याची यशस्विनी योजना उभी राहिली. बेळगाव-निपाणीकडच्या शेतकऱ्याचे ऑपरेशन असल्या हप्त्यांतून करायचे, तर भूल किती तास लागली, थिएटर किती वेळ अडले, याला फार महत्त्व येते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत आतड्याच्या 95 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली होती. डाव्या बाजूच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेला हाताच्या मदतीने सरासरी 175 मिनिटे लागली, निव्वळ दुर्बिणीने 208. वेदना आणि रुग्णालयातला मुक्काम यांत फरक पडला नाही. पोट मोठे उघडण्याची वेळ हाताच्या गटात एकावर आली, दुसऱ्या गटात सहांवर. अर्थात इतक्या थोड्या रुग्णांत हा आकडा निर्णायक मानता येत नाही.

किडनीदात्याच्या बाबतीत मात्र मला निव्वळ दुर्बिणीची बाजू फारशी पटत नाही. व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारातील सरकारी नेफ्रो-युरॉलॉजी संस्थेसारख्या ठिकाणी विचार आजाऱ्याइतकाच दात्याचाही करावा लागतो. आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातलगांच्या, त्यांतही पुष्कळदा आईच्या किंवा पत्नीच्या असतात. ही धडधाकट बाई स्वतःच्या फायद्यासाठी टेबलावर आलेली नसते. रक्तवाहिनीवरची क्लिप निसटली तर बोट तत्क्षणी दाबून धरता येते. पडद्यावर बघत चिमटा नेऊन रक्तस्राव थांबवायला जास्त अवधी लागतो. शिवाय मोकळी झालेली किडनी हाताने लगेच उचलून बर्फात ठेवता येते, त्यामुळे ती रक्ताविना राहण्याचा काळ घटतो.

आक्षेप खरे आहेत. मनगट अवघडते, हात दृश्याच्या आड येतो, आणि अरुंद ओटीपोटात खोलवर तो नुसता अडचण करतो. तिथे ही पद्धत वापरूच नये. शिकाऊ डॉक्टर हाताच्या आधाराला सोकावतील, अशीही भीती घातली जाते. पण स्पर्शाने रक्तवाहिनी ओळखणे हे कौशल्यच आहे, आणि अवघड प्रसंगी पोट उघडावे लागलेच तर तेच कामी येते. कडीची किंमत हा अधिक गंभीर मुद्दा. कडीशिवाय मनगटाइतका छेद ठेवून हातमोजा घातलेला हात बसवता येतो, पण गॅस गळतो. स्वस्त कडी बनवणे रोबो बनवण्याच्या तुलनेत किरकोळ काम आहे. बेंगळुरूतल्या उपकरण उद्योगाने ते हाती घ्यायला हवे.