सलोखा आणि सत्य

एकत्र कुटुंबांत भाऊबंदांचा तंटा विकोपास गेला म्हणजे मध्यस्थी करणाऱ्या वडील माणसाच्या तोंडीं एक वाक्य ठरलेलें असतें: “झालें गेलें गंगेला मिळालें!” त्यानें भांडण थांबतें खरें, पण ज्याची हानि झाली त्याचें समाधान होतें काय? मध्यस्थाचें काम केवळ भांडण थांबविण्याचें, कीं पुढें कसें वागावें याचा दंडक घालून देण्याचेंही? धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासांतील एक प्रसंग या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे.

सप्टेंबर १९४८ मध्यें पोलीस कारवाई होऊन निजामी सत्ता संपली. रझाकारांच्या जुलमानें गांजलेली प्रजा मुक्त झाली. परंतु त्या आनंदापाठोपाठ सूडाची लाट उसळली आणि रझाकारांशीं कांहींएक संबंध नसलेलीं मुसलमान कुटुंबेंही तींत सांपडलीं. तेव्हां भारत सरकारच्या विनंतीवरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार प्रभृतींचें सद्भावना मंडळ नोव्हेंबर-डिसेंबरांत हैदराबाद संस्थानांत हिंडलें.

मंडळाचें मुख्य काम चौकशीचें नव्हे, सलोख्याचें होतें. त्यांनीं ठिकठिकाणीं सभा घेऊन दोन्ही समाजांस एकोप्यानें राहण्याची विनंती केली. पण लोकांचें दुःख त्यांनीं नुसतें ऐकून सोडलें नाहीं, लिहून काढलें. संस्थानांत २७ ते ४० हजार माणसें मारलीं गेलीं असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांस सर्वांत जबर झळ लागली होती. त्याच अहवालांत दुसरीही नोंद आहे: हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांचें रक्षण केलें, आणि त्यापायीं प्राणहि वेंचले.

एकाच्या अपराधाची शिक्षा त्याच्या जातभाईस देऊं नये, हा दंडक त्या विणकरांना कोणीं शिकविला नव्हता. मध्यस्थांनीं तो ओळखून कागदावर आणला, हीच त्यांची मोठी कामगिरी. दुर्दैवानें सरकारनें तो कागद अनेक दशकें प्रसिद्धच केला नाहीं. सभांतील उपदेश लोकांनीं ऐकला. परंतु दुःखितांची हकीकत आणि त्यांना वांचविणाऱ्यांचा पराक्रम, दोन्ही दप्तरांत राहिलीं.

घरांतील तंटा मिटवितांनाही हें ध्यानांत ठेवावें. कोणाचें काय गेलें तें प्रथम सर्वांदेखत मान्य करावें. मगच वैर गंगार्पण करण्यास सांगावें.