क्लोरीन : पाण्याची खरी शुद्धी

नळाच्या पाण्याला कधी कधी उग्र वास येतो. 'आज पाण्यात औषध जास्त पडलंय', असे आपण म्हणतो. हे औषध म्हणजे क्लोरीन. विद्यार्थ्यांना व समाजबांधवांना या मूलद्रव्याची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

स्वीडनचे रसायनतज्ज्ञ कार्ल शील यांनी १७७४ साली हा वायू प्रथम तयार केला. तो एक संयुग आहे, असा तेव्हा समज होता. १८१० साली इंग्लंडच्या हंफ्री डेव्ही यांनी ते स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे दाखविले आणि पिवळसर हिरवा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास क्लोरीन हे नाव दिले. त्याचा अणुक्रमांक १७ असून तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे. निसर्गात तो मोकळा सापडत नाही. मिठाच्या पाण्यातून वीजप्रवाह सोडून तो मिळवितात.

हा वायू अत्यंत विषारी आहे. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने तो शत्रूवर सोडला. मात्र हेच क्लोरीन सोडियमशी संयोग पावले की आपल्या रोजच्या जेवणातील मीठ बनते. कापड व कागदाचा लगदा पांढरा करणे, पीव्हीसीचे पाईप व औषधे बनविणे यांसाठीही त्याचा उपयोग होतो.

परंतु त्याचा सर्वात मोठा उपकार पाण्याच्या बाबतीत आहे. पाण्यात मिसळल्यावर त्यापासून तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल पटकी, विषमज्वर यांच्या जंतूंचा नाश करते. अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ पासून शहराच्या पाण्यात क्लोरीन नियमित वापरले जाऊ लागले.

येथे महाडची आठवण येणे अपरिहार्य आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले! जर्सी सिटीत क्लोरीन सुरू होऊन तेव्हा जवळजवळ एकोणीस वर्षे झाली होती. पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटत नाही, घाणीने व जंतूंनी दूषित होते, हे विज्ञान सांगते. क्लोरीन जात पाहत नाही, जंतू पाहते.

मात्र विज्ञानावरही आंधळा विश्वास नको. तथागतांनी कालामांना पारखून घेण्यास सांगितले, तेच येथेही लागू आहे. ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावाकडची टीसीएल पावडर, उघडी राहिली की तिची शक्ती कमी होते. ती प्रमाणात टाकून निदान अर्धा तास थांबावे लागते. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, असे समजावे. गढूळ पाण्यात त्याचा प्रभाव कमी पडतो, आणि फ्लोराइडसारखे विरघळलेले क्षार त्याने जात नाहीत. घरात ब्लीचिंग पावडर व संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

आमच्या तरुणांनी आपापल्या वस्तीतील पाण्याची अशी चाचणी होते की नाही, याची ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारणा करावी. पाण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. ते पाणी निर्धोक ठेवण्याची जबाबदारी आपली आहे.